मिणमिणत्या हेडलाइटचं दुखणं वायरीत

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या गाड्यांच्या हौशीवरचा लेख वाचला. माहिती चांगली होती, फोटो तर देखणेच. पण शेवटच्या चौकटीत ‘हेडलाइट मंद वाटत असतील तर १००/९० वॉटचे किंवा एलईडी बल्ब बसवून घ्या’ असा सल्ला दिला आहे. कुणी तो मनावर घेऊन दुकानात जाण्याआधी हे पत्र छापलंत तर बरं होईल. जुन्या अँबॅसिडरच्या मूळ वायरिंगवर असा बल्ब चढवला तर उजेड थोडा वाढतो आणि बोनेटखालून धूर निघायची शक्यता पुष्कळ वाढते.

अँबॅसिडर मुळात मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज ३ वरून घेतलेली. तिचं वायरिंगही त्याच ब्रिटिश, लुकास या गाड्यांचं वीजसामान बनवणाऱ्या कंपनीच्या वळणाचं. करंट बॅटरीतून निघून कटआउटच्या, म्हणजे डायनामोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या, डब्यात येतो, तिथून डॅशबोर्डवरच्या स्विचला, मग खाली पायाच्या डिपरला (अप्पर-डिपर बदलणारा स्विच), परत वर बोनेटखाली, बुलेट कनेक्टरमधून (गोळीसारख्या टोकाचा वायरजोड) बल्बाच्या होल्डरला, आणि बल्बातून पार झाला की मडगार्डच्या पत्र्यातून (यालाच अर्थ म्हणतात) परत बॅटरीकडे. दोन्ही दिव्यांचा सगळा भार स्विच आणि डिपरच्या त्या दोन जुन्या कॉन्टॅक्टांतून जातो. डिपर तर ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी फ्लोअरवर, तीसचाळीस पावसाळे ओल्या चपलांचं पाणी पीत बसलेला. आणि या जुन्या वळणाच्या गाड्यांत फ्यूज दोनच असतात, हेडलाइटची लाइन त्यांतून जातच नाही. वायर घासून पत्र्याला टेकली तर उडायला फ्यूज नाही. मग वायरच फ्यूज होते.

आता थोडा हिशेब. ६०/५५ वॉटचे (अप्पर ६०, डिपर ५५) दोन एच४ हॅलोजन बल्ब डिपरवर, म्हणजे खाली वळवलेल्या प्रकाशावर, जळताना सुमारे ९ अँपिअर ओढतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या ५ मीटर तांब्याच्या वायरीतून ९ अँपिअर नेले तर नुसत्या वायरीतच पाऊण व्होल्ट जातो. स्विच, डिपर, बुलेट कनेक्टर आणि गंजलेला अर्थ मिळून आणखी एक-सव्वा व्होल्ट सहज खातात. बॅटरीवर १३.२ असताना बल्बापाशी ११.२ उरतात. व्होल्टेज १५ टक्के घटलं म्हणून उजेडही १५ टक्केच घटेल असं कुणालाही वाटेल, पण फिलामेंटचा बल्ब तसा वागत नाही. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. ११.२ व्होल्टवर तो ४० टक्क्यांहून जास्त कमी होतो आणि पिवळा पडतो. एच४ चा डिपर १३.२ व्होल्टवर साधारण १००० ल्युमेन देतो. ११.२ वर त्यातले साडेपाचशे-पावणेसहाशे हातात येतात. हरवलेला उजेड बल्बात नसतो, वाटेत सांडलेला असतो.

याच वाटेवर ९० वॉटचा डिपर लावला की करंट १.६ पट होतो. वायरीत आणि कॉन्टॅक्टांत होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे अडीचपटीहून जास्त. वाटेतली व्होल्टेजची गळतीही करंटच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे खिशातून गेलेल्या वॉटांपैकी बरेचसे दिव्याऐवजी डिपर तापवण्यात जातात. होल्डरचं प्लास्टिक मऊ होतं, पिना सैल होतात, सैल पिन आणखी तापते. रिफ्लेक्टरचा चंदेरी थर बल्बाच्या वरच्या बाजूला काळवंडलेला दिसला तर समजावं की कधीतरी कुणीतरी हा प्रयोग करून गेलं आहे.

म्हणून काही विकत घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्यावा. इंजिन चालू, रेस थोडी वाढवलेली, दिवे डिपरवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघावं. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या लाइनच्या खांबावर आणि दुसरं होल्डरच्या मागून डिपरच्या पिनेवर टेकवावं. जो आकडा येईल ती लाइनच्या बाजूची गळती. तसंच बल्बाच्या अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या अर्थच्या खांबापर्यंत मोजावं, ती अर्थच्या बाजूची गळती. लाइनला अर्धा व्होल्ट आणि अर्थला ०.२ व्होल्ट यापेक्षा जास्त असेल तर काम निघालं. पिना ओळखण्यासाठी बल्बावरची खूण किंवा टेस्टर वापरावा. कनेक्टर कुठल्या बाजूने बघतोय यावरून डावं-उजवं फसतं.

मोजताना बल्ब लावलेला आणि पेटलेला हवा. बहुतेक ठिकाणी बल्ब काढून होल्डरमध्ये मीटर घालतात, पूर्ण १२.६ येतात आणि ‘लाइन बरोबर आहे साहेब, बल्बच बदला’ असं निदान होतं. करंट वाहत नसेल तेव्हा गळतीही होत नाही. केसाएवढा एक धागा शिल्लक असलेली वायरसुद्धा अशा वेळी पूर्ण व्होल्टेज दाखवते. टेस्टरचा छोटा दिवाही त्या एका धाग्यावर झकास पेटतो. बल्ब जळत ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीवर कायम धरावं आणि दुसरं क्रमाने कटआउट, स्विचच्या अलीकडे, स्विचच्या पलीकडे, डिपरच्या अलीकडे, पलीकडे असं नेत जावं. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे चोर सापडला.

दुरुस्तीची सुरुवात अर्थपासून करावी, कारण त्याला खर्च नाही आणि कित्येकदा निम्मं काम तिथेच होतं. मूळ अर्थ दिव्याशेजारी पत्र्याच्या स्क्रूखाली असतो आणि त्यावर दोन-तीन रंगकामांचे थर चढलेले असतात. रंग खरवडून चकचकीत पत्रा उघडा करावा, दाते असलेला वॉशर घालून स्क्रू कसावा आणि कसून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावावं. कसण्याआधी नाही. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही होल्डरपासून २.५ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर चासीवरच्या किंवा बॉडीवरच्या एकाच पक्क्या बोल्टवर आणावी. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची विणलेली पट्टीही याच वेळी बघून घ्यावी. ती तुटलेली असली की सेल्फचा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर हेच कारण.

यानंतर रिले, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. कल्पना साधी आहे. जुना स्विच आणि जुना डिपर यांनी फक्त रिलेला हाक मारायची, बल्बाला भार पोचवायचं काम नव्या जाड वायरीने करायचं. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, तेवढं जुन्या वायरिंगला जड नाही. जुनं हार्नेस (वायरींची मूळ जुडी) कापावं लागत नाही, उद्या मूळ स्थितीत आणायचं म्हटलं तर अर्ध्या तासात येतं.

सामान असं लागेल: ३० अँपिअरचे दोन सारखे रिले, सॉकेटसकट, चार ब्लेड फ्यूजचा झाकणवाला होल्डर आणि १० अँपिअरचे फ्यूज, मुख्य लाइनसाठी ३० अँपिअरचा एक फ्यूज वेगळ्या होल्डरमध्ये, ४ चौरस मिलिमीटरची दोनेक मीटर आणि २.५ ची आठ-दहा मीटर ऑटो केबल, बारीक तारांची. घराच्या वायरिंगची जाड, एकसंध तारेची वायर गाडीत घालू नये, थरथरीने ती टर्मिनलपाशी मोडते. शिवाय एच४ चे दोन चिनी मातीचे होल्डर, क्रिंपिंगचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे टर्मिनल) आणि गरम केल्यावर आवळणाऱ्या स्लीव्ह.

जोडणी अशी. डिपरच्या पायाच्या स्विचकडून पुढे येणारी वायर निळी-लाल असते, अप्परची निळी-पांढरी. लुकासचा रंगांचा हा नियम जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांना लागू पडतो, मात्र मधे कुणी हात मारला नसेल तरच. म्हणून टेस्टरने खात्री करावी. निळी-लाल वायर पहिल्या रिलेच्या ८६ आकड्याच्या पिनेला, निळी-पांढरी दुसऱ्याच्या ८६ ला, दोन्हींचे ८५ अर्थला. मुख्य फ्यूजमधून आलेली ४ चौरस मिलिमीटरची लाइन दोन्ही रिलेंच्या ३० ला. प्रत्येक रिलेच्या ८७ मधून दोन वायरी, प्रत्येकीला आपला १० अँपिअरचा फ्यूज, आणि पुढे डावा-उजवा दिवा. चार फिलामेंट, चार फ्यूज. काहीजण काटकसर म्हणून एका रिलेला एकच फ्यूज ठेवतात. तसं केलं तर एका दिव्याच्या शॉर्टने घाटात दोन्ही दिवे जातात.

रिलेबाबत दोन खाचाखोचा. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली पिन ८७ए आहे की दुसरी ८७, हे अंगावरच्या आकृतीत बघावं. ८७ए असेल तर ती रिले बंद असताना ३० ला जोडलेली असते, म्हणजे दिवे बंद करून गाडी उभी असतानाही तिच्यावर बॅटरीची लाइन असते. ती उघडी राहून पत्र्याला टेकली की गोंधळ. तिथे सॉकेटमध्ये वायर घालूच नये. दुसरी गोष्ट, काही रिलेंत कॉइलला समांतर डायोड असतो. त्यात ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे पाळावंच लागतं. जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचा प्लस पत्र्याला जोडलेला असतो. तिथे असा रिले वर सांगितल्याप्रमाणे जोडला तर डायोड लगेच जातो, म्हणून बिनडायोडचा घ्यावा.

मुख्य लाइन कुठून उचलायची यावर वायरमन मंडळींत वाद असतो. बॅटरीवरून सरळ घेणं सोपं. पण गाडीत अँपमीटर असेल तर तो मग खोटं बोलू लागतो, कारण हेडलाइटचा भार त्याला ‘चार्जिंग’ म्हणून दिसतो. लुकासच्या आरबी१०६ कटआउटवर ए आणि ए१ असे दोन टर्मिनल असतात. ए बॅटरीकडचा, ए१ गाडीतल्या भारासाठीचा. लाइन ए१ वरून घेतली तर अँपमीटर आणि रेग्युलेटर दोन्ही मूळ हिशेबाने चालतात. मात्र बॅटरीपासून कटआउटपर्यंतची वायर आणि तिचे लग धडधाकट हवेत. कुठूनही घ्या, मुख्य फ्यूज लाइन उचलल्या जागेपासून वीतभर अंतरातच बसवा. फ्यूजच्या अलीकडची वायर बिनसंरक्षणाची असते, ती जितकी आखूड तितकं बरं.

रिले बॅटरीच्या बाजूला कोरड्या जागी, पिना खाली करून लावावेत, म्हणजे पाणी साचत नाही. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट (कडेने वायर कापू नये म्हणून घालायची कडी) हवाच. वायर पिळून वर काळी टेप गुंडाळणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय जोड आहे. मे महिन्यात बोनेटखाली टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि तांबं उघडं पडतं. लग क्रिंप करावा, वर स्लीव्ह चढवावी. मूळ रूपाचा फार आग्रह असेल तर निकामी कटआउटच्या रिकाम्या डब्यात दोन्ही रिले मावतात का ते बघावं. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

आता दिवा. अँबॅसिडर, जुनी जीप आणि बुलेट यांचा गोल दिवा ७ इंची, त्यामुळे एच४ चं युनिट सहज मिळतं. जुन्या दिव्यातल्या बल्बाची बैठक पी४५टी, एच४ ची पी४३टी. जुन्या बैठकीत बसणारे हॅलोजन बल्बही मिळतात, पण रिफ्लेक्टर गेलेला असेल तर त्याने काही साधत नाही. रिफ्लेक्टर काळवंडला की प्लेटिंगवाल्याकडे देऊन क्रोम मारून आणायची पद्धत आहे. दिसायला आरसा, पण क्रोम जेमतेम ६०-६५ टक्के प्रकाश परत फेकतो, चांदी ९० टक्क्यांहून जास्त आणि ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास. त्यापेक्षा नवं युनिट परवडतं.

युनिट घेताना काचेवर ‘ई’ च्या (युरोपीय मान्यतेच्या) शिक्क्याजवळचा बाण बघा. दिव्यासमोर उभं राहिल्यावर बाण आपल्या उजवीकडे दाखवत असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा, म्हणजे आपल्याकडचा. दोन टोकांचा बाण दोन्हींचा. बाणच नसेल तर तो युरोपच्या बाजूचा. त्याच्या प्रकाशाची वर चढणारी शेपटी उजवीकडे, थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाते आणि ती स्क्रू फिरवून डावीकडे येत नाही. परदेशातून हौसेने मागवलेल्या दिव्यांत हीच फसगत होते. एच४ बसवताना काचेला बोट लावू नये आणि मागचा रबरी बूट विसरू नये. तो नसला की पहिल्याच पावसात आतून वाफ धरते.

एलईडी बल्ब, म्हणजे हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालायचा, माझ्या मते घेऊच नये. एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते, तिच्यामुळे प्रकाशाला वरची कडा मिळते. एलईडीची चिप सपाट आणि जागेवरून किंचित सरकलेली असते. कडा फाटते, वर पसरते आणि आपल्याला ‘उजेड वाढला’ असं वाटतं ते मुख्यतः झाडांवर पडलेल्या प्रकाशामुळे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०६ प्रमाणे खाली वळवलेल्या प्रकाशाने ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीवरच्या डोळ्याला दिपवता कामा नये. अशा बल्बाला ही परीक्षा अवघड जाते. संपूर्ण ७ इंची एलईडी युनिट ही वेगळी गोष्ट. ते मान्यताप्राप्त आणि डाव्या वाहतुकीचं असेल तर भार कमी घेतं. गाडीच्या चेहऱ्याला ते शोभतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

लेखात डायनामोचा उल्लेखच नाही. लुकासच्या सी४०/१ जातीच्या डायनामोची कमाल क्षमता २२ अँपिअर. पावसाळी रात्रीचा खर्च बघा: डिपर ९, इग्निशन कॉइल ३ ते ४, पार्किंग, टेल आणि नंबरप्लेटचे दिवे २, वायपर ३, डॅशबोर्ड १ च्या आत. झाले साधारण १८. उरलेल्या चारात बॅटरी चार्ज व्हायची. डिपर ९० वॉटचे केले की तेच १४ अँपिअर होतात, बेरीज २२ च्या पुढे जाते, आणि टोलच्या रांगेत गाडी आयडलवर असताना तर डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. अल्टरनेटर बसवायचा तर त्याच्यापासून बॅटरीपर्यंतची वायर किमान ६ चौरस मिलिमीटरची नवी टाकावी, आणि ३०-०-३० चा अँपमीटर त्या वाटेतून काढून तिथे व्होल्टमीटर लावावा. चार्जिंगच्या लाल दिव्यात हौसेने एलईडी घालू नये. त्या छोट्या बल्बातून जाणारा करंटच अल्टरनेटरला जागा करतो.

लेखात २०२१ च्या व्हिंटेज नोंदणीबद्दल लिहिलं आहे. ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ क्रमांक देताना चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसावा अशी अट आहे. रिले आणि नव्या वायरी त्या अटीत अडकत नाहीत, त्यामुळे मूळपणाच्या धाकाने जळकं वायरिंग जपण्याचं कारण नाही.

शेवटी फोकस. टायरची हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, जागा सपाट, भिंत ५ मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची खडूने भिंतीवर मारावी. डिपरची आडवी कडा त्या रेषेच्या ५ सेंटिमीटर खाली हवी आणि डावीकडे चढणारा कोन दिव्याच्या बरोबर समोर. वरचा स्क्रू उंचीचा, बाजूचा डाव्या-उजव्याचा. मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेले असतील तर मागे तीन माणसं बसताच गाडीचं नाक वर जातं, तेव्हा फोकस माणसं बसवूनच करावा. सगळं झाल्यावर गळती पुन्हा मोजावी आणि दहा मिनिटं दिवे जाळून फ्यूज, सॉकेट, लग यांना बोट लावून बघावं. कोमट चालेल, चटका नको.

एक लक्षात असू द्या. अप्परचा निळा इंडिकेटर आता रिलेच्या अलीकडच्या वायरीवर पेटतो, त्यामुळे अप्परचा रिले मेला तरी तो ऐटीत जळत राहील. आणि रात्री खंबाटकीत डिपर अचानक गेले तर घाबरायचं कारण नाही. दोन्ही रिले सारखे घ्यायला सांगितलं ते यासाठीच. अप्परचा उपटून डिपरच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि घाट उतरायचा.

आपला,
एक वाचक, सातारा